मुलांच्या हाती पळी



मला निमंत्रण देताना आपल्या चिटणीसांनी विषय विचारला नव्हता. कामगार चळवळीतला माणूस, तेव्हा तो कंत्राटी पद्धतीवर बोलेल किंवा नव्या कामगार संहितांवर बोलेल, असे ते धरून चालले असावेत. मी 'वाढत्या वयाच्या मुलांना घरी स्वयंपाक शिकवणे' असा विषय कळवला, तेव्हा त्यांनी फार सौजन्याने मला विचारले, 'निरोप चुकून दुसऱ्या कोणाचा तर आला नाही ना?' निरोप माझाच होता.

माझी शाळा नववीत सुटली. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या एका लोखंडी कपाटातले. त्यामुळे आहारशास्त्रातले मला काही कळते असा माझा दावा नाही. मला कळते ते काम. काम कोण करतो, किती तास करतो, त्याचे मोल कोण ठरवतो आणि त्याची पाळी संपली म्हणजे त्याला सोडवायला कोण येतो, एवढ्या चार प्रश्नांत माझी तीस वर्षे गेली. हे चार प्रश्न घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो, तर तो विषय बदलला असे मला वाटत नाही.

१९४८ च्या कारखाना कायद्यात ४६ वे कलम होते. जेथे अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे मालकाने उपाहारगृह चालवावे, असा नियम त्या कलमाने राज्य सरकारला करता येत असे. त्या उपाहारगृहाच्या समितीवर कामगारांचे प्रतिनिधी असत, आणि अशा एका समितीवर मी बरीच वर्षे बसलो. आमटी पातळ झाली म्हणून आम्ही फाटकावर सभा घेतल्या आहेत, चपाती कच्ची म्हणून ताटे परत पाठवली आहेत. असल्याच एका आमटीच्या तक्रारीवर बैठक चालली असता तिथल्या आचाऱ्याने हात जोडून विचारले, 'दोनशे माणसांच्या आमटीला डाळ किती लागते, तेवढे सांगा, तेवढी मागून घेतो.' आम्ही दोन्ही बाजूंचे मिळून दहाबारा जण होतो. तीस-तीस वर्षे रोज दोन वेळा आमटी जेवलेले. एकालाही उत्तर देता येईना. दोनशेंचे राहू द्या, पाच माणसांचेही कोणाला सांगता आले नसते.

जे काम आपण कधी केलेले नाही त्याचा दर आपल्याला ठरवता येत नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे. कामाचा दर ठरवायला येणारा माणूस कधी यंत्रावर उभा राहिलेला नसेल, तर कामगार त्याला हसतात. घरात मात्र तोच कामगार ताटावर बसून दर ठरवतो.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची सरासरी २९९ मिनिटे त्यात जात होती आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. हे 'करणाऱ्या'चे आकडे झाले, हे ध्यानात घ्या. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरांत सव्वीस निघाले आणि बाया एक्याऐंशी. २९९ मिनिटे म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी, आठवड्याचे पस्तीस तास. साप्ताहिक सुट्टी नाही, सणावाराला जादा काम, आणि त्या जादा कामाचा भत्ता नाही. असा करार माझ्यासमोर कोणी ठेवला असता तर मी तो फाडला असता.

आता तुम्ही म्हणाल, यात मुलांचा काय संबंध? नवऱ्यांना सांगा. नवऱ्यांना मी सांगून पाहिले आहे. पन्नाशीचा माणूस सभेत टाळ्या वाजवतो आणि घरी जाऊन 'वाढ' म्हणतो. चौदा-पंधराचे पोर मात्र अजून ओल्या मातीचे असते. त्याला भूक प्रचंड असते, हाताला चळ असतो आणि आपण मोठे झालो हे कोणीतरी मान्य करावे अशी त्याची मनातून फार इच्छा असते. शिकाऊ उमेदवारांचा जो कायदा १९६१ साली झाला त्यात उमेदवाराचे वय चौदा धरले होते. मला ते वय योग्य वाटते.

मुलींना स्वयंपाक शिकवा, असे सांगायला मी आलो नाही. त्यांना आपण शिकवतोच, आणि फार लवकर शिकवतो. आमच्या वस्तीत दहावीची परीक्षा जवळ आली म्हणजे मुलाला क्लासला पाठवतात आणि मुलीला सांगतात, 'कुकर लावून मग बस अभ्यासाला.' एकाच बाकावरची दोन मुले, प्रश्नपत्रिका एक. आगरकरांनी 'सुधारक' १८८८ साली काढला आणि स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावे, तेही एकत्र द्यावे, असे त्यातून मांडले. त्या वादाचा अर्धा भाग आपण पुरा केला, मुलगी शाळेत गेली. मुलगा स्वयंपाकघरात जायचा राहिला आहे. मुलगी दोन्हीकडे कामाला लागली, एवढाच काय तो फरक झाला.

पुरुषाच्या हाताला ही विद्या येतच नाही, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. लग्नाचे आचारी पुरुष, खानावळीतले वस्ताद पुरुष, वारीच्या दिंडीत शेकडो वारकऱ्यांचा स्वयंपाक रांधणारे बहुतेक पुरुष. पैसे मिळाले, मान मिळाला की येतो. सोवळेओवळे पाळणाऱ्या घरांत बाई महिन्याचे चार दिवस बाहेर बसत असे, तेव्हा त्याच घरातले पुरुष भात-पिठले निमूट करीत. ती चाल गेली हे उत्तमच झाले. पण ती चालू होती तोवर त्या पुरुषांना भात येत होता, एवढे तिच्या खात्यावर जमा केले पाहिजे.

२०२० सालच्या २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. आमच्या औद्योगिक वसाहतीच्या मागे भाड्याच्या खोल्या आहेत, एकेका खोलीत चार-पाच जण. मराठवाड्यातली, खानदेशातली, आपल्या सातारा-सोलापूरकडची पोरे कंत्राटावर कामाला आलेली. दुसऱ्या दिवसापासून मेस बंद, वडापावची गाडी बंद. युनियनने शिधा गोळा केला: तांदूळ, तूरडाळ, कणीक, तेल, मीठ, मिरची. आम्ही पिशव्या घेऊन दारोदार फिरलो. तिसऱ्या का चौथ्या खोलीत एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा पिशवी हातात घेऊन तसाच उभा राहिला आणि म्हणाला, 'काका, हे नको. शिजवलेलं काही असलं तर द्या.' मला वाटले, खोलीत शेगडी नसेल. शेगडी होती. मागच्या कुणा भाडेकरूने ठेवलेली, वर पातेलेही होते. पण त्या चौघांपैकी एकालाही भात लावता येत नव्हता. आय.टी.आय. झालेली पोरे, सूक्ष्ममापकावर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचणारी! चार दिवस ती बिस्किटे आणि पाण्यात भिजवलेल्या कच्च्या पोह्यांवर होती.

शेजारच्या खोलीत बिहारची पाच माणसे होती. त्यांची बारी ठरलेली होती, आज याची, उद्या त्याची, आणि रोज दाल-भात-चोखा होत होता. आमच्या पोरांना पुढे त्यांनीच जेवू घातले. पहिले दोन दिवस फुकट, तिसऱ्या दिवशी कांदे चिरायला बसवले. टाळेबंदी संपेपर्यंत आमच्या पोरांचीही बारी लागली. संकट आले म्हणून ती शिकली. संकट यायच्या आधी, आईबाप जवळ असताना आणि पोट भरलेले असताना शिकता आले असते.

माझ्या स्वतःच्या घरातली एक गोष्ट सांगतो. माझे वडील मुंबईच्या एका गिरणीत साचेवाले होते. गाव माण तालुक्यातले. कुटुंब मुंबईला आणण्यापूर्वी बरीच वर्षे ते गिरणगावात खाणावळीत जेवत. गिरणगाव ज्यांच्या जिवावर जेवले त्या खाणावळवाल्या बायांना बँका दारात उभे करीत नसत. त्यांची संघटना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने बांधली, ही आमच्या चळवळीतली मला सर्वांत आवडणारी घटना आहे. पण ते एका स्वतंत्र व्याख्यानाचे काम. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. काही महिन्यांत घरातले पैसे संपले आणि आई एका मसाल्याच्या कारखान्यात मिरच्यांची देठे खुडायला जाऊ लागली. मजुरी किलोवर. संध्याकाळी ती भगभगणारे हात घेऊन यायची आणि त्याच हातांनी पीठ मळायची. वडील दिवसभर घरी. ते आळशी नव्हते, कठोर तर मुळीच नव्हते. साच्यावर तुटलेला धागा डोळ्याचे पाते लवण्याच्या आत सांधणारी त्यांची बोटे होती. पण चुलीपुढे त्यांना येत काही नव्हते, आणि आता शिकायचे वय गेले असे त्यांनी ठरवून टाकले होते. तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते.

म्हणून आईने मला शिकवले. स्टोव्हला पिन मारायची, पंप किती द्यायचा, रेशनचे तांदूळ निवडून दोनदा धुवायचे. ती घरात शिरण्यापूर्वी भात उतरलेला असला पाहिजे, एवढी एकच तिची अट. संप फिसकटल्यावर वडील गावी परतले. आई कामासाठी मुंबईत राहिली, आम्हीही तिच्यापाशी. गावी घरात ज्वारीची कणगी भरलेली, आणि ते मात्र भावजयीकडून ताट येण्याची वाट पाहत ओसरीवर बसलेले. ज्या दिवशी तिला उशीर होई त्या दिवशी गूळ आणि शेंगदाणे. आमच्या शेताच्या ज्वारीने भरलेल्या घरात ते कित्येकदा अर्धपोटी झोपले, हे मला ते गेल्यानंतर चुलतीकडून कळले.

तेव्हा शिकवायचे कसे, ते आता सांगतो. सांगणे थोडे लांबेल.

पहिली गोष्ट, मुलाकडे मदत मागू नका. 'आईला मदत कर' या वाक्याने आपण फार नुकसान केले आहे. मदत म्हणजे काम दुसऱ्याचे आणि उपकार माझा. गिरणीत दुसऱ्या पाळीचा कामगार पहिल्या पाळीच्या कामगाराला मदत करायला येत नसे, त्याला सोडवायला येत असे. साचा, सूत, तेलपाणी, बिघाड, सगळे त्याच्या ताब्यात जात असे. घरात तेच केले पाहिजे. आठवड्यातली एक संध्याकाळ मुलाची. समजा, गुरुवार. गुरुवारचे रात्रीचे जेवण त्याचे, मग घरात सहा माणसे असोत की पाहुणे येवोत.

आणि ही पाळी गुरुवारी संध्याकाळी सुरू होत नाही, बुधवारी रात्री होते. हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतो, कारण पुरुष स्वयंपाक करतो म्हणतो तेव्हा तो बहुधा फक्त ढवळतो. मटकी बुधवारी रात्री भिजत घालायची असते. डाळ तळाला गेली आहे, सिलिंडर हलका लागतो आहे, कोथिंबीर उद्यापर्यंत टिकणार नाही, आजोबांना तिखट चालत नाही, या सगळ्याची नोंद एका बाईच्या डोक्यात रात्रंदिवस चालू असते आणि ती कुठल्याच हजेरीपुस्तकात येत नाही. २९९ मिनिटांतही ती पुरती आली असेल असे मला वाटत नाही. मुलाला भाजी फोडणीला टाकायला शिकवणे सोपे आहे. डबे उघडून पाहायला शिकवणे, हे खरे शिक्षण. बाजारात त्यालाच पाठवा, पैसे मोजून द्या, हिशेब मागा. टोमॅटोचा भाव ज्याने स्वतः दिला तो टोमॅटो फेकत नाही.

शिकवण्याचा क्रम मी असा ठेवतो. आधी भात. वाटीला दोन वाट्या पाणी, तांदूळ नवा असला तर थोडे कमी. मग वरण, मग फोडणी. फोडणी हा आपल्या स्वयंपाकाचा कळीचा भाग आहे आणि तिथे घाई चालत नाही. तेल तापू द्यायचे, मोहरी टाकायची, ती तडतडून थांबेपर्यंत धीर धरायचा, मग जिरे, हिंग, मिरची-कढीपत्ता आणि सर्वांत शेवटी हळद, कारण हळद लवकर जळते. हे मुलाला एकदा कळले की आमटी, उसळ, पिठले, फोडणीचा भात, सगळ्यांची दारे उघडतात. चिरायला विळी नको, सुरी द्या, आणि भाजी धरणाऱ्या हाताची बोटे आत वळवायला शिकवा. मापाला कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' आहे, १९७० पासून घराघरांत आहे. त्यात वाट्या-चमच्यांची मापे आहेत म्हणून ते नवशिक्याला उपयोगी पडते. 'अंदाजाने घाल' हे वाक्य ज्याला अंदाज आहे त्याच्यासाठीच असते. मोबाइलवरही पाककृती दिसतात. दिसू द्या, फक्त मोबाइल ओट्यापासून लांब.

भाकरी मात्र शेवटी. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. म्हणून पाणी कढत घ्यावे लागते, त्याने पीठ धरते. मळायची लागेल तेवढीच, मळली की लगेच थापायची. पहिल्या दहा भाकऱ्या फाटतात. अकराव्या वेळी ती परातीतून अखंड उचलली जाते, तव्यावर पडते, वरून पाण्याचा हात फिरतो, आणि उलटून विस्तवावर धरली की टम्म फुगते. ती फुगताना पोराचा चेहरा पाहा. मी अनेक करारांवर सह्या होताना पाहिल्या आहेत. तसा चेहरा तिथे दिसत नाही.

धोक्याचे म्हणाल तर यंत्रावर नव्या माणसाला उभा करताना जे करतो तेच इथे करायचे: आधी थांबवायचे कसे ते शिकवायचे, मग चालवायचे कसे ते. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण दाबायचे नाही, पंखा लावायचा नाही, रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडायच्या. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी मारायचे नाही, गॅस बंद करून वर झाकण सरकवायचे. कुकरची वाफ पुरती जिरल्याशिवाय झाकणाशी झटापट नाही. भाजले तर वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरायचे. टूथपेस्ट नाही, शाई नाही, बर्फही नाही. हे त्याच्याकडून पाठ म्हणवून घ्या.

बिघडले तर? बिघडणारच. खारट झाले, करपले, कच्चे राहिले. ते घरातल्या सर्वांनी खायचे आणि बाहेरून काही मागवायचे नाही. आज बोट लावले की घरपोच जेवण येते. ते आणून देणारी पोरेही आमच्या संघटनेत येतात, आणि दुपारी तीनला कुठेतरी पायरीवर बसून वडापाव खातात. त्यांच्या पोटावर पाय द्या असे मी म्हणणार नाही. पण गुरुवारी नको. बाहेरून डबा आला की मुलाला कळते की आपली पाळी ही खरी पाळी नव्हती, खेळ होता. त्याचप्रमाणे मुलाने भात लावला म्हणून घरभर कौतुक, फोटो आणि मावशीला फोन, हेही नको. बहिणीने गेली चार वर्षे भात लावला तेव्हा कोणी फोन केला होता? बापाने जेवावे, काय कमी-जास्त झाले ते सरळ सांगावे आणि ताट उचलून ठेवावे. जमल्यास शुक्रवार स्वतःकडे घ्यावा.

परीक्षेचे काय, असे पालक विचारतात. परीक्षेच्या महिन्यात पाळी बदलून द्या. आमच्याकडे बदली असतेच. पण ती मुलीलाही द्या.

सर्वांत अवघड भाग भगिनींकडे आहे. चूल सोडायची वेळ आली की आमच्या माऊलींचा जीव घुटमळतो, हे मी पुष्कळ घरांतून पाहिले. त्याचे कारण आहे. ज्या घरात बाईला दुसरीकडे कुठेच शब्द नसतो तिथे डब्यांच्या फळीवर तिचे राज्य असते, आणि ते कोणी फुकट सोडत नाही. तिला घरातल्या पैशाच्या आणि जमिनीच्या बोलण्यात जागा द्या, मग ती फळी सोडील. तोवर निदान गुरुवारपुरते एक करा. मुलगा शिकत असेल त्या पहिल्या तीन-चार वेळा शेजारी उभ्या राहा, हात मागे बांधून. त्यानंतर स्वयंपाकघरात थांबू नका. बाहेरच्या खोलीतही बसू नका, कारण फोडणीचा आवाज ऐकला की तुम्हाला राहवणार नाही आणि तुम्ही आतून पळी हातात घ्याल. देवळात जा, मैत्रिणीकडे जा, येथे व्याख्यानाला या. घरात कोणीतरी मोठे माणूस हाकेच्या अंतरावर असावे, ते आजोबा असले तरी चालतील. आणि मुलाचा फोन आला, 'आई, मीठ किती?', तर सांगा. पण 'आई, मीठ कुठे आहे?' असा आला, तर सांगू नका. सगळे डबे उघडून त्याला ते सापडू द्या.